साडेदहा पौंडांची होडी

नदीकाठच्या माणसाला मासे धरायला बाहेरच्यानं शिकवावं, असं काही नसतं. गळ, फेकजाळं, ओढ्याला घातलेला बांध, हे सगळं तो लहानपणीच शिकलेला असतो. पण वाचकहो, आज ज्या मासेमारीची हकिगत सांगायची आहे, तिच्यात गळाला गांडूळ नाही की कणकेची गोळी नाही. तिथं गळाला बांधलेली असते पिसांची आणि दोऱ्याची एक खोटी माशी. माशी लावून मासा धरायचा! आणि धरणारा बसलेला असतो एका अशा होडीत, की पाणी संपलं की ती काखोटीला मारून त्यानं चालू लागावं.

या होडीमागं एका गरीब, आजारी, जोडे शिवून पोट भरणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. ती अमेरिकेतली आहे. तिच्यातला प्रश्न मात्र कुठल्याही गावात निघावा असा आहे: पाण्यावर जायचा हक्क कुणाचा, आणि पाण्यातल्या माशाचा धनी कोण?

आधी ती खोटी माशी काय असते, ते पाहू.

थंड, वाहत्या पाण्यात ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा असतो. इंग्रजांनी काश्मीरच्या नद्यांत आणि निलगिरीच्या ओढ्यांत हौसेनं आणून सोडला, तो याच कुळातला. पाण्यावर उतरणारे बारीक किडे, माश्या, चिलटं हे त्याचं आवडतं खाणं. पण खरी माशी गळाला टोचली तर तिचा चेंदामेंदा होतो. म्हणून माणसानं खोटी करायची युक्ती काढली. ईलियन नावाच्या रोमन लेखकानं, इसवी सन २०० च्या सुमारास, मॅसिडोनियातले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून, तिला कोंबड्याची पिसं लावून मासे धरतात, असं नोंदवून ठेवलं आहे. इंग्लंडात १४९६ साली छापलेल्या एका ग्रंथात अशा बारा माश्यांची कृती दिलेली आहे.

हे ज्ञान पुढं वाढत गेलं आणि त्यात आपल्या मुलखाचाही हात लागला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आपल्या सह्याद्रीत जो राखी रानकोंबडा पहाटे आरवतो, त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे चकचकीत ठिपके असतात. विलायतेतल्या माशी बांधणाऱ्यांना त्या पिसांचं भारी वेड होतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानकोंबड्याला संरक्षण दिलं, हे चांगलंच झालं. दुसरी गोष्ट बांबूची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कारागिरांनी बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या पुन्हा एकमेकींना चिकटवून गळाच्या लवचीक काठ्या करायला सुरुवात केली. तो बांबू पहिल्यांदा कलकत्त्याहून जाई. तिकडं त्याचं नावच 'कलकत्ता' पडलं होतं.

अशी काठी लागते कशाला? साध्या गळाला शिशाचा गोळा असतो, तो दोरीला ओढून नेतो. पिसांच्या माशीला वजनच नाही. ती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून इथं वजन असतं ते दोरीलाच. त्या काळी ती रेशमाची, तेल पाजलेली असे. गाडीवान जसा आसूड मागं नेतो, क्षणभर थांबतो आणि पुढं झटकतो, तशी ती दोरी मागं हवेत लांब सोडायची, ती पुरती ताणली की पुढं आणायची. मग दोरीच्या टोकाची माशी कापसासारखी पाण्यावर उतरते. मागं जागा मात्र मोकळी हवी. ओढ्याकाठी झाडी असली की दोरी फांदीत अडकलीच! तळ्याच्या मध्यावर होडीत बसलेल्या माणसाला ती अडचण नाही. होडीची आणि या मासेमारीची गाठ पडते ती इथं.

आता आपण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात जाऊ. तिथं ॲडिरॉन्डॅक नावाचे डोंगर आहेत. डोंगरांत शेकडो तळी, आणि तळ्यातळ्यांना जोडणाऱ्या नद्या. जिथं धबधबा किंवा खडकाळ पाणी आलं, तिथं होडी बाहेर काढून खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या तळ्यात पुन्हा सोडायची. पूर्वी तिथले मूळ रहिवासी भूर्ज झाडाच्या सालीची हलकी होडी करून अशीच वाट काढत. या होडीला कनू म्हणतात.

१८६९ साली मरे नावाच्या एका पाद्र्यानं या जंगलावर पुस्तक लिहिलं आणि शहरातल्या पैसेवाल्यांची तिकडं रीघ लागली. हॉटेलं उभी राहिली. पण या पाहुण्यांना वाट ठाऊक नाही, वल्हवता येत नाही, ओझं उचलवत नाही. म्हणून त्यांनी वाटाडे ठेवले. वाटाड्याची होडी सोळा फुटांच्या आसपास, वजन साठ ते ऐंशी पौंड. ती वाटाड्यानं वल्हवायची, त्यानंच लाकडी जोखडावर पेलून एका तळ्यातून दुसऱ्यात न्यायची, त्यानंच भाकरी भाजायची; साहेबानं मागच्या फळीवर बसून माशी फेकायची. वाटाड्याची रोजी अडीच-तीन डॉलर. साध्या मजुराला तेव्हा दिवसाकाठी डॉलर-दीड डॉलर मिळत असे. म्हणजे सुट्टीचा एक दिवस म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, हॉटेलचं बिल वेगळंच. पाणी कुणी अडवलं नव्हतं. पण गरिबाला तिथं साहेब म्हणून जाणं परवडत नव्हतं. जायचंच तर हमाल होऊन जावं!

जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स या माणसाला हे दोन्ही मान्य नव्हतं.

सिअर्सचा जन्म १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधला. पोरवयातच त्याला कापडगिरणीत कामाला जुंपलं होतं. गिरणी चुकवून तो जवळच्या निपमक जमातीच्या लोकांत जाऊन बसे. त्यांच्यातल्या एका जाणत्या माणसानं त्याला रानात वावरायला शिकवलं. त्या माणसाचं नाव नेसमक. पुढं सिअर्स लिहायला लागला तेव्हा त्यानं टोपणनाव म्हणून हेच घेतलं आणि जग त्याला नेसमक म्हणूनच ओळखतं. मला यात मोठी गोष्ट वाटते. गुरूचं नाव ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत घालणारे पुष्कळ. स्वतःचं नाव बाजूला ठेवून गुरूचं लावणारे थोडे.

तरुणपणी तो देवमाशांच्या शिकारी जहाजावर जाऊन आला, ब्राझीललाही दोनदा गेला. घर मात्र त्यानं केलं पेनसिल्व्हानियातल्या वेल्सबरो गावी, आणि धंदा बापाचाच: रापी, आरी आणि मेणाचा दोरा. शरीर किरकोळ. उंची पाच फूट तीन इंच, वजन पन्नास किलोच्या आतच. त्यात छातीचा विकार. साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या अशा माणसानं सत्तर पौंडांची होडी उचलायची कशी? आणि वाटाडा ठेवायचा कशाच्या जोरावर?

त्यानं प्रश्न उलटा केला. आपल्याला होडीजोगं होता येत नसेल, तर होडीनं आपल्याजोगं का होऊ नये?

तसं पाहिलं तर ही कल्पना उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांना केव्हाच सुचली होती. त्यांची कयाक ही सीलच्या कातड्याची, वर झाकलेली, एका माणसापुरती होडी. तिचा सांगाडा वाहत आलेल्या लाकडांचा. आणि माप कशाचं? तर ज्यानं ती वापरायची, त्याच्याच अंगाचं. हात पसरून, मांडी मोजून, शिंप्यानं अंगरखा बेतावा तशी ती बेतलेली. वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पातं. सीलची शिकार हाच तिचा उद्योग. तिच्यात हौसेचं काही नव्हतं. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलानं १८६५ साली अशा होड्यांवरून लाकडाची एक झाकलेली होडी करवून घेतली, तिला 'रॉब रॉय' नाव दिलं आणि युरोपातल्या नद्यांतून ती हिंडवली. १८६६ साली त्याचं पुस्तक आलं. त्यानंतर इंग्लंड-अमेरिकेत एकट्यानं होडी वल्हवत फिरायची टूम निघाली. पण रॉब रॉय पंधरा फूट लांब आणि ऐंशी पौंड वजनाची. नेसमकच्या दृष्टीनं तीही वाटाड्याच्याच होडीएवढी जड.

न्यूयॉर्क राज्यातच कँटन गावी हेन्री रश्टन नावाचा होड्या बांधणारा होता. तोही अंगानं बारीक, प्रकृतीनं नाजूक. १८७३ साली त्यानं पहिली होडी बांधली ती स्वतःच्या प्रकृतीला मोकळी हवा मिळावी म्हणूनच. दोन आजारी माणसांची ही गाठ पत्रानं पडली. नेसमक लिहायचा, याहून हलकी हवी. रश्टन बांधून द्यायचा. १८८० ची पहिली दहा फूट लांब, सुमारे अठरा पौंडांची. नेसमक ती घेऊन जंगलात गेला, टिकली. मग म्हणाला, आणखी हलकी हवी. १८८३ साली आली ती साडेदहा पौंडांची.

साडेदहा पौंड म्हणजे पावणेपाच किलो. पाणी भरलेली लहान कळशीसुद्धा याहून जड भरेल. लांबी नऊ फूट, रुंदी सव्वीस इंच. सीडर लाकडाच्या पातळ फळ्या, कौलं घालावीत तशा एकीच्या काठावर दुसरीचा काठ चढवलेल्या, आणि आतून बोटभर अंतरानं बारीक बरगड्या. लाकूड पातळ केलं की फाटतं, जाड ठेवलं की जड होतं. रश्टनची करामत अशी की ताकद त्यानं फळीत न शोधता बरगड्यांच्या संख्येत शोधली. पाठवताना त्यानं थट्टेनं कळवलं की आता याहून लहान मागू नका, आणि हिचा कंटाळा आलाच तर सूप वाढायला घ्या!

नेसमकनं तिचं नाव ठेवलं 'सेरी गँप'. डिकन्सच्या कादंबरीतली ही एक सुईण. तिला दारू चाले, पाणी चालत नसे. होडीनंही पाणी घेऊ नये, म्हणून हे नाव. थट्टा खरी ठरली.

१८८३ च्या उन्हाळ्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, नेसमक या होडीतून २६६ मैल हिंडला. म्हणजे सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. मूस नदीकडून तो निघाला, फुल्टनच्या ओळीनं असलेल्या तळ्यांतून वर चढला, पॉल स्मिथच्या प्रसिद्ध हॉटेलापर्यंत गेला आणि परत आला. बरोबर वाटाडा नाही. दोन पात्यांचं वल्हं, झोळी, कुऱ्हाड आणि काठी. रानातली वाट आली की तो होडी उचलून एका खेपेत पार होई. हॉटेलाच्या धक्क्यावर बसलेले लोक ती होडी हातात घेऊन पाहत आणि हा म्हातारा बुडणार अशी पैज लावायला निघत. तो बुडाला नाही. 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या साप्ताहिकात तो प्रवासाची पत्रं लिहीत असे. ती वाचून देशभरच्या कारकुनांना, मास्तरांना, कारागिरांना कळलं की रानात जायला नोकरचाकर लागत नाहीत.

आता अशा होडीतून माशी फेकतात कशी, ते सांगायला हवं. कारण वाटतं तितकं सोपं ते नाही. होडीत उभं राहता येत नाही. उभं राहिलात की पाण्यात! तळाशी बसायचं, पाय लांब करायचे. बसल्यामुळं दोरी मागं फेकताना पाण्याला टेकते, म्हणून हात नेहमीपेक्षा उंच ठेवावा लागतो आणि दोरी आखूड. वारा आला की होडी सुकल्या पानासारखी वाहत जाते. एका हातानं वल्हं, एका हातानं काठी, अशी तारांबळ. मोठा मासा लागला तर तो होडीलाच ओढत नेतो. पण याचेच फायदे होतात. ओढली जाणारी होडी दोरीचा ताण खाते, त्यामुळं दोरी तुटत नाही. माणूस पाण्याच्या इतका लगत असतो की माशाला त्याची आकृती दिसत नाही, आणि दोन पात्यांच्या वल्ह्याला कड्यांचा खडखडाट नाही.

सर्वांत मोठा फायदा उन्हाळ्यातला. तिथला ब्रुक ट्राउट गार पाण्याचा लोभी. जुलै-ऑगस्टात तळ्याचं पाणी तापलं की तो जिथं तळाशी झऱ्याचे उमाळे फुटतात, किंवा जिथं गार ओढा येऊन मिळतो, तिथं दाटीनं गोळा होतो. असे उमाळे बहुधा दलदलीच्या कोपऱ्यात, वीतभर पाण्यापलीकडं. जड होडी तिथं रुतते. साडेदहा पौंडांची होडी दवावरून जावी तशी जाते.

आणि इथं नेसमकचा प्रामाणिकपणा सांगितलाच पाहिजे. १८८४ साली त्याचं 'वुडक्राफ्ट' हे पुस्तक निघालं. त्यातल्या मासेमारीच्या प्रकरणाचं नावच मुळी 'माशीनं आणि माशीशिवाय' अशा अर्थाचं आहे. त्या काळचे शिष्ट लोक गांडुळानं मासा धरणाऱ्याला पंक्तीला घेत नसत. हा गृहस्थ माशी उत्तम फेकी, पण भूक लागली आणि मासा माशीला येईना, तर गांडूळ लावायला त्याला लाज नव्हती. पोटाला पिसांचा अभिमान कुठला?

पण हे पाणी तसंच राहणार नव्हतं. नेसमकच्या पेनसिल्व्हानियात हेमलॉक नावाच्या सूचीपर्णी झाडांची घनदाट रानं होती. आपल्याकडं कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो, तशी तिकडं हेमलॉकची साल लागे. ओढ्याओढ्यावर कातडी कमावण्याचे कारखाने निघाले. झाडं पाडायची, साल सोलायची, खोडं पुष्कळदा तिथंच कुजत टाकायची. सावली गेली, ओढे तापले. वर कारखान्याचं काळं पाणी. ट्राउट नाहीसा होऊ लागला. ज्याच्या पोटापाण्याचा धंदा कातड्यावर, त्याच माणसाचे ओढे कातड्यापायी मरत होते. ॲडिरॉन्डॅकमध्ये धरणांच्या फुगवट्यात उभी वाळलेली झाडंही त्यानं पाहिली आणि त्यावर त्यानं कडक लिहिलं. न्यूयॉर्क राज्यानं १८८५ साली आपल्या मालकीची जंगलं राखीव केली, १८९२ साली ॲडिरॉन्डॅक उद्यान जाहीर केलं, आणि १८९४ साली ही जंगलं कायम रानच राहावीत, असं आपल्या राज्यघटनेत घातलं. नेसमक हे सगळं पाहायला नव्हता. १८९० च्या मे महिन्यात तो वेल्सबरोला वारला.

त्याच १८९० साली एक वेगळी गोष्ट घडली. धनिकांनी 'ॲडिरॉन्डॅक लीग क्लब' काढला आणि मूस नदीच्या बाजूचं अफाट रान विकत घेतलं. उद्यानाची आजची हद्द सुमारे साठ लाख एकरांची, पण त्यातली निम्म्याहून थोडी कमी जमीनच सरकारी आहे, बाकी खासगी. वाटाड्याच्या रोजीवर नेसमकनं तोड काढली होती. 'प्रवेश बंद' या पाटीवर साडेदहा पौंडांची होडी काय करणार?

हा प्रश्न शंभर वर्षं तसाच राहिला. १९९१ साली सिएरा क्लब या निसर्गप्रेमी संस्थेची काही माणसं कनू आणि कयाक घेऊन मूस नदीच्या दक्षिण फाट्यातून, लीग क्लबच्या जमिनीतून, मुद्दाम गेली. क्लबानं घुसखोरीचा दावा लावला. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला आणि १९९८ साली निकाल लागला. जुना दंडक असा होता की नदी वाहतुकीची म्हणजे सर्वांची ठरायची, तर तिच्यातून व्यापारी माल, लाकडाचे ओंडके जात असले पाहिजेत. न्यायालयानं म्हटलं की हौसेनं वल्हवणाऱ्याची होडीही पुराव्यात धरावी; आणि अशा नदीत अडथळा आला तर होडी उचलून काठानं नेणं हाही जाण्याच्या हक्काचाच भाग. पुढं या फाट्यापुरती दोन्ही पक्षांत अटींवर तडजोड झाली.

निकाल वाचून वाटतं, नेसमक जिंकला. पण त्याच न्यायालयाचा एक वर्षापूर्वीचा, १९९७ चा, दुसरा निकाल आहे. सॅमन नावाची नदी ऑन्टॅरिओ सरोवराला मिळते. तिच्यात होड्या नांगरून मासे धरणाऱ्या वाटाड्यांवर काठच्या जमीनमालकानं दावा लावला होता. नदी वाहतुकीची आहे, हे मालकालाही कबूल होतं. न्यायालयानं जुन्या सनदा तपासल्या आणि सांगितलं की तळ ज्याचा, मासा धरायचा हक्क त्याचा. लोकांना वरून जाण्याचा हक्क आहे तेवढाच. शिक्षकबंधूंनी वर्गात हे दोन निकाल शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. मुलं चांगली भांडतील.

सेरी गँप अजून शाबूत आहे. ती राष्ट्रीय संग्रहात गेली आणि ॲडिरॉन्डॅकमधल्या ब्लू माउंटन लेकच्या संग्रहालयातही लोकांनी ती पाहिली. १९७० नंतर त्याच डोंगरांतल्या एका कारागिरानं तिचा नमुना डोळ्यांपुढं ठेवून केवलार नावाच्या कृत्रिम धाग्याच्या हलक्या होड्या बांधायला घेतल्या. आणखी पुढं प्लास्टिकच्या, वर बसायच्या कयाक निघाल्या, आणि समुद्रखाडीतही लोक त्यांच्यावरून माशी फेकू लागले. होडी स्वस्त झाली, काठी स्वस्त झाली. साहेब आणि वाटाडा हा भेद त्या होडीत उरला नाही. मात्र न्यूयॉर्क राज्यात, ज्या नदीचा तळ खासगी आणि मासेमारीचा हक्क मालकानं राखलेला, तिथून जाताना होडीतल्या माणसाला वल्हं चालवता येतं. पिसांची माशी डबीतच ठेवावी लागते.